दर्याची नाडी

मंडळी, विहिरीत पाणी किती आहे हे तुम्ही कसे पाहता? दोराला दगड बांधता आणि आत सोडता. दगड तळाला टेकला की दोर सैल पडतो. मग दोर वर ओढायचा आणि ओला झालेला भाग हाताने मोजायचा. पाच हात, सात हात, जे काय असेल ते. झाले काम!

आता असे समजा, की विहिरीऐवजी समुद्र मोजायचा आहे. पृथ्वीच्या पाठीचे १०० भाग केले, तर त्यांतले ७१ भाग समुद्राखाली आहेत. या समुद्राची सरासरी खोली सुमारे ३,७०० मीटर आहे. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाईचे. त्याची उंची १,६४६ मीटर. एका कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली आणि ती जोडी भर समुद्रात उभी केली, तरी वरच्या शिखरावर आणखी ४०० मीटर पाणी राहील. एवढ्या पाण्याच्या पोटात काय चालले आहे, ते कसे कळावे?

कोणी म्हणेल, "आम्ही घाटावरची माणसं. आमचा दर्याशी काय संबंध? ते कोळ्यांनी पाहावं." तसे नाही. तुमच्या शेतावर पडणारा पाऊस दर्यावरूनच येतो. वादळही दर्यातच जन्मते. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' नावाचे चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. त्याने नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. मग ते घाट चढले आणि पुणे जिल्ह्यातही घरांवरचे पत्रे उडाले. म्हणून दर्याची नाडी पाहता येणे हे सगळ्यांच्याच कामाचे आहे.

वैद्य रोग्याचे पोट फाडून पाहत नाही. तो नाडी पाहतो, जीभ पाहतो, अंगाला हात लावून ताप पाहतो. दर्याचेही तसेच आहे. माणसाने त्याची नाडी पाहण्याची साधने कशी शोधली, ते आपण पायरीपायरीने पाहू.

१. दोर आणि शिसे

पहिले साधन तुमच्या विहिरीवरचेच. दोर आणि वजन. आपले तांडेल आजही खोली वावेत सांगतात. दोन्ही हात पसरले की एक वाव, म्हणजे सुमारे ६ फूट. किनाऱ्याजवळ दहा-वीस वाव पाणी असते. तिथे दोर पुरतो.

पण भर समुद्रात फार पंचाईत होते. दोन-तीन हजार वाव दोर खाली गेला, की त्या दोराचेच वजन एवढे होते की शिसे तळाला टेकले की नाही, ते हाताला कळत नाही. दोर सोडायला आणि ओढायला तासन्‌तास लागतात.

तरी माणसांनी ते केले. १८७२ सालच्या डिसेंबर महिन्यात इंग्लंडहून 'चॅलेंजर' नावाचे जहाज निघाले. ते साडेतीन वर्षे पृथ्वीवरच्या समुद्रांत फिरले आणि १८७६ साली परत आले. जागोजागी थांबून लोकांनी दोर सोडला, खोली मोजली, तळाचा चिखल वर काढला. १८७५ साली पॅसिफिक महासागरात एका जागी दोर ४,४७५ वाव खाली गेला. म्हणजे ८ किलोमीटरपेक्षा जास्त!

पण साडेतीन वर्षांत अशा खोल मोजण्या झाल्या सुमारे ५००. सगळा समुद्र मोजायला या चालीने किती पिढ्या लागल्या असत्या, तुम्हीच विचार करा.

२. खालची थंडी वर कशी आणायची?

खोलीबरोबर पाणी किती गरम, किती थंड, हेही कळायला हवे. ताप पाहायला डॉक्टर पाऱ्याची नळी लावतो. तसली नळी, म्हणजे तापमापक, दोराला बांधून खाली सोडली तर?

एक अडचण येते. खाली थंड पाण्यात पारा उतरतो, हे खरे. पण नळी वर ओढताना ती गरम पाण्यातून येते. पारा पुन्हा चढतो. हातात येते तेव्हा ती वरच्याच पाण्याचा आकडा दाखवते. निरोप घेऊन निघालेला माणूस वाटेतच निरोप विसरला, तसे झाले!

१८७४ साली लंडनच्या नेग्रेटी आणि झांब्रा या यंत्रे बनवणाऱ्यांनी यावर युक्ती काढली. त्यांनी उलटणारा तापमापक बनवला. खोल गेल्यावर तो उलटा करायचा. उलटला की पाऱ्याची धार एका अरुंद जागी तुटते. तुटलेला पारा पुन्हा चढत नाही, उतरत नाही. वर आणल्यावर तेवढा पारा मोजला, की खालची थंडी कळली. पुढे दोरावरून एक वजन घरंगळत सोडून खालचा तापमापक उलटवू लागले. त्या वजनाचे नावच 'निरोप्या' पडले. ही साधने पुढे शंभर वर्षे वापरात होती.

त्यांनी एक नवल दाखवले. वर ऊन कितीही कडक असो, खोल समुद्र बारा महिने थंडगार असतो. आपल्या हिंदी महासागराच्या तळाशीही पाणी जवळजवळ बर्फाइतके थंड असते.

३. हाक मारा, उत्तर ऐका

तुम्ही डोंगरासमोर उभे राहून हाक मारली, तर हाक परत येते. डोंगर जवळ असेल तर लवकर येते, लांब असेल तर उशिरा येते. याच गोष्टीचा उपयोग करून दोराची कटकट मिटली.

जहाजाच्या बुडाशी आवाज करणारे यंत्र बसवायचे. आवाज खाली जातो, तळावर आपटतो आणि परत येतो. किती वेळ लागला ते यंत्र मोजते. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. पाण्यात तो त्याच्या चौपटीहून वेगाने पळतो. सेकंदाला सुमारे १,५०० मीटर.

आपणच एक हिशेब करू. हाक मारल्यापासून ४ सेकंदांनी उत्तर आले. म्हणजे जायला २ सेकंद आणि यायला २ सेकंद. २ सेकंदांत आवाज ३,००० मीटर जातो. म्हणून खोली ३,००० मीटर. ज्याला दोराने तासन्‌तास लागत, ते काम चार सेकंदांत झाले.

१९२५ ते १९२७ या काळात जर्मनीचे 'मेटेऑर' हे जहाज अटलांटिक महासागरात फिरले. त्याने आवाजाने साठ हजारांहून जास्त मोजण्या केल्या. तेव्हा दिसले, की समुद्राचा तळ ताटासारखा सपाट नाही. तिथेही डोंगर आहेत, दऱ्या आहेत. मच्छीमारांच्या मोठ्या बोटींवर असले यंत्र तुम्ही पाहिले असेल. माशांच्या थव्यावर आपटूनही आवाज परत येतो, म्हणून ते मासळी शोधायलाही कामी येते.

४. बुड्या मारणारा नळा

जहाज एका वेळी एकाच जागी असते. जहाज गेले की ती जागा पुन्हा मुकी. पावसाळ्यात खवळलेल्या दर्यात तर जहाजे कमीच जातात. आणि नेमकी तेव्हाच माहिती हवी असते.

म्हणून १९९९-२००० सालापासून अनेक देशांनी मिळून एक काम हाती घेतले. त्याचे नाव आर्गो. यात यंत्रच समुद्रात सोडून द्यायचे आणि त्याने आपले आपण काम करायचे.

हे यंत्र म्हणजे वीतभर रुंदीचा, जवळजवळ माणसाच्या उंचीचा बंद नळा. त्याला पंखा नाही, सुकाणू नाही. मग तो खालीवर कसा होतो? त्याच्या बुडाशी रबराची पिशवी असते. आतले तेल पिशवीत ढकलले, की पिशवी फुगते. वजन तेवढेच, पण आकार मोठा. म्हणून नळा वर येतो. तेल परत आत घेतले, की पिशवी आकसते आणि नळा बुडतो. पुष्कळ माशांच्या पोटात असा फुगा असतो. तीच ही युक्ती.

नळा १,००० मीटर खाली जातो आणि तिथे प्रवाहाबरोबर नऊ-दहा दिवस वाहत राहतो. मग २,००० मीटरपर्यंत उतरतो. तिथून वर येताना तो पाण्याची ऊब, दाब आणि खारटपणा मोजत येतो. खारटपणा चाखून नव्हे, विजेने कळतो. पाणी जेवढे खारट, तेवढी त्यातून वीज सहज वाहते.

वर आल्यावर नळा आपली माहिती आकाशातल्या उपग्रहाला कळवतो. पाण्याखालून रेडिओचा संदेश जात नाही, म्हणून त्याला डोके वर काढावेच लागते. संदेश दिला की पुन्हा बुडी. असे चार-पाच वर्षे, आतली बॅटरी संपेपर्यंत.

आज पृथ्वीवरच्या समुद्रांत असे सुमारे ४,००० नळे फिरत आहेत. भारतानेही हिंदी महासागरात पुष्कळ सोडले आहेत. माहिती कोणी लपवून ठेवत नाही. ती सगळ्या देशांना फुकट मिळते. का? कारण दर्याला कुंपण नाही. वादळ सरहद्द विचारून येत नाही.

५. आभाळातला डोळा

उपग्रह म्हणजे पृथ्वीभोवती फिरणारे यंत्र. भारताचा 'ओशनसॅट' जातीचा पहिला उपग्रह १९९९ साली आकाशात गेला, तिसरा २०२२ साली गेला. भारत आणि फ्रान्स यांनी मिळून २०१३ साली 'सरल' नावाचा उपग्रहही सोडला.

उपग्रह समुद्राचा रंग पाहतो. जिथे पाण्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक वनस्पती जास्त, तिथे पाण्याचा रंग हिरवट. त्या वनस्पतींवर बारीक जीव जगतात, त्यांवर मासळी जगते. त्यामुळे मासळी कुठे मिळण्यासारखी आहे, याचा अंदाज करता येतो. हैदराबादला 'इन्कॉइस' नावाचे सरकारी केंद्र १९९९ साली सुरू झाले. ते हा अंदाज मच्छीमारांना त्यांच्या भाषेत कळवते. आपल्याकडे तो मराठीत येतो. भटकणे कमी झाले तर डिझेल वाचते.

उपग्रह समुद्राची उंचीही मोजतो. वरून लहर सोडायची, ती पाण्यावर आपटून परत यायची. पुन्हा तीच हाक आणि तेच उत्तर! शेकडो कोस उंचीवरून दोन-तीन बोटांचा फरकही त्याला कळतो. १९९३ सालापासून झालेल्या अशा मोजणीवरून दिसते, की पृथ्वीवरच्या समुद्राची पातळी तीस वर्षांत सुमारे १० सेंटिमीटर वाढली आहे. उधाणाचे पाणी आधीपेक्षा थोडे आत येते, त्याचे हे एक कारण आहे.

मग उपग्रह असताना नळा कशाला? तर उपग्रहाला कातडी दिसते, पोट दिसत नाही. आणि वादळाचे बळ पोटात असते. हे नीट समजून घ्या. चक्रीवादळाला गरम पाण्याचे खाद्य लागते. गरम पाण्याचा थर पातळ असेल, तर वादळ पाणी घुसळते, खालचे थंड पाणी वर येते आणि वादळाचा जोर ओसरतो. थर जाड असेल, तर कितीही घुसळले तरी गरमच पाणी वर येते. वादळ माजत जाते. वरून दोन्ही समुद्र सारखेच दिसतात. थर किती जाड आहे, ते आत बुडी मारणारा नळाच सांगतो.

म्हणून एकच साधन पुरत नाही. एकाने वरचे पाहायचे, दुसऱ्याने आतले. दोघांचे मिळून खरे चित्र होते.

६. तळाशी बसलेला राखणदार

२६ डिसेंबर २००४. सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्रा बेटाजवळ समुद्राखाली फार मोठा भूकंप झाला. त्यातून सुनामीच्या लाटा उठल्या. भर समुद्रात अशी लाट विमानाच्या वेगाने धावते. पण तिथे ती एवढी कमी उंच असते की होडीतल्या माणसाला कळतही नाही. किनाऱ्याजवळ आली की ती भिंतीसारखी उभी राहते.

तामिळनाडूच्या किनाऱ्यापर्यंत यायला त्या लाटेला दोन तासांहून जास्त वेळ लागला. दोन तासांत माणूस चालत कितीतरी लांब गेला असता. पण निरोप देणारे कोणीच नव्हते. पॅसिफिक महासागरात असा इशारा देण्याची सोय १९४९ सालापासून होती. हिंदी महासागरात नव्हती. भारतात दहा हजारांहून जास्त माणसे गेली. सगळ्या देशांत मिळून दोन लाखांहून जास्त गेली.

त्यानंतर भारताने हैदराबादच्या केंद्रातच २००७ साली सुनामीचा इशारा देण्याची सोय केली. भर समुद्रात, तळाशी, एक यंत्र बसवतात. ते डोक्यावरच्या पाण्याचा दाब मोजत राहते. तीन-चार किलोमीटर पाण्याखाली बसूनही, वरचे पाणी बोटभर चढले तर त्याला कळते. ते आवाजाने वर तरंगणाऱ्या बोयाला सांगते. बोया उपग्रहाला सांगतो. उपग्रह हैदराबादला सांगतो. या सगळ्याला काही मिनिटेच लागतात.

११ एप्रिल २०१२ रोजी सुमात्राजवळ पुन्हा मोठा भूकंप झाला. लगेच इशारे दिले गेले. पण समुद्रातल्या यंत्रांनी सांगितले, पाणी फारसे हललेले नाही. काही तासांत इशारा मागे घेता आला. हेही महत्त्वाचे आहे. खोट्या हाकेने लोक चारदा पळाले, तर पाचव्या खऱ्या हाकेला कोणी उठत नाही.

हा धोका पूर्व किनाऱ्यालाच आहे असे समजू नका. १९४५ साली मकरानच्या किनाऱ्याजवळ भूकंप झाला होता. त्याच्या लाटा मुंबईपर्यंत पोचल्या होत्या.

७. दर्या आणि पेरणी

आता घाटावरच्या मंडळींसाठी. लांब पॅसिफिक महासागरात काही वर्षी पाणी नेहमीपेक्षा गरम होते. त्याला 'एल निनो' म्हणतात. अशा वर्षी आपल्याकडे पाऊस कमी पडण्याची भीती असते. १९८२ साली असे पाणी तापले, तेव्हा ते कळायलाच फार उशीर झाला. म्हणून तिथे नांगरून ठेवलेल्या बोयांची रांग उभी केली. १९९४ साली ती पुरी झाली. पुढे १९९७ साली पाणी तापू लागले, ते महिनोन्‌महिने आधी दिसले.

पण एक लक्षात ठेवा. २०१५ साली एल निनो होता आणि देशात पाऊस १०० ला ८६ च पडला. १९९७ सालीही एल निनो होता, तरी पाऊस नेहमीइतका झाला. का? कारण आपल्या हिंदी महासागराची ऊबही पावसाला ओढते किंवा ढकलते. म्हणून हिंदी महासागरातही बोये नांगरले आहेत. यंत्र म्हणजे देव नव्हे. ते अंदाज देते. अंदाज हुकूही शकतो. पण काहीच माहीत नसण्यापेक्षा तो बरा.

८. शेवटची कडी

साखळीची एक कडी तुटली, की साखळी कुचकामी. नळ्याने सांगितले, उपग्रहाने सांगितले, केंद्राने सांगितले. पण ते होडीवर पोचले नाही, तर?

२०१७ सालच्या नोव्हेंबरच्या शेवटी 'ओखी' वादळ आले. ते भराभर वाढले. केरळ आणि तामिळनाडूचे कितीतरी मच्छीमार तेव्हा खोल दर्यात होते. तिथे मोबाइल चालत नाही. शेकडो माणसे घरी परतली नाहीत. त्यानंतर उपग्रहावरून थेट होडीवर संदेश देणारी यंत्रे आपल्या देशात तयार झाली.

आणि निरोप पोचून लोक वेळेवर हलले, तर काय होते? १९९९ साली ओडिशात महाचक्रीवादळ आले. सुमारे दहा हजार माणसे दगावली. २०१३ साली तिथेच 'फायलिन' हे मोठे वादळ आले. या वेळी आधी कळले होते. निवाऱ्याच्या इमारती बांधलेल्या होत्या. सुमारे दहा लाख लोकांना आधीच हलवले. घरे पडली, पिके गेली, पण मृत्यू शंभरच्या आत राहिले. घर पुन्हा बांधता येते. माणूस पुन्हा आणता येत नाही.

आपल्याकडून काय व्हावे? बोयाच्या सावलीला मासळी जमते. म्हणून काही लोक त्याला होडी बांधतात. दोर कापला जातो, यंत्र मोडते. कधी कोणी त्याचे भाग काढून नेतो. बंदरावरचा दिवा फोडावा, तसेच हे आहे. त्या बोयावर आपल्याच गावाचा जीव अवलंबून आहे.

दुसरे, बंदरावर लावलेला इशारा वाचा. मोबाइलवर आलेला वाचा. शेजाऱ्याला वाचता येत नसेल, तर त्याला वाचून दाखवा. आता तुम्हाला वाचता येते. समुद्राच्या तळापासून निघालेला निरोप इथवर आला आहे. त्याची शेवटची कडी तुम्ही आहात.

एवढे ध्यानात ठेवा

किनाऱ्यावर असताना जमीन जोराने हादरली, किंवा समुद्र एकाएकी आत हटला, तर कोणत्याही इशाऱ्याची वाट पाहू नका. मुलेबाळे आणि म्हातारी माणसे घेऊन उंच जागी जा. सामानासाठी मागे फिरू नका. पहिली लाट ओसरली तरी खाली उतरू नका. मागून आणखी लाटा येतात.

वादळाचा बावटा लागला असेल, तर होडी लोटू नका.

आता उत्तरे द्या

१. भर समुद्रात दोराने खोली मोजणे अवघड का होते?

२. हाक मारल्यापासून ६ सेकंदांनी उत्तर आले, तर समुद्र किती खोल?

३. आर्गोचा नळा पंख्याशिवाय वर कसा येतो?

४. उपग्रहाला समुद्राचे काय दिसते? काय दिसत नाही?

५. तुमच्या गावात वादळाचा किंवा पुराचा इशारा कुठे लावतात? तो कोणाकोणापर्यंत पोचत नाही? वर्गात बोला आणि त्यांची नावे लिहून काढा.